बाय, वास येतोय काय गं?

आमच्या चाळीत माझ्या नवऱ्याला नावाने कमी आणि नाकाने जास्त ओळखायचे. त्याला मी तोंडावर ‘अहो’ म्हणते आणि मनात ‘अरे’. लिहिताना मनातलंच लिहिणार, कोणाला खटकलं तर खटकू दे. भांडुपच्या टेकडीवरची बैठी चाळ, निम्म्याहून जास्त घरं आमच्यासारखी मालवणी. रविवारी सकाळी हा पिशवी घेऊन बाजाराला निघाला की दारादारातून हाका यायच्या, आमचेपण घेऊन या हो. बाकीचे लोक बांगड्याचे कल्ले उघडून बघतात, डोळे बघतात, बोटाने दाबून बघतात. हा नुसता टोपलीवर वाकायचा, एकदा श्वास घ्यायचा आणि पुढे व्हायचा. कोळणी शिव्या घालायच्या, पण तो ज्या टोपलीपाशी थांबला तिथे मागून सगळी चाळ थांबायची.

नोकरीतसुद्धा त्याला वर चढवलं ते नाकानेच. विक्रोळीच्या बाजूला एका रसायनांच्या कंपनीत तो हेल्पर म्हणून लागला होता. एकदा पाइपच्या जोडातून काहीतरी झिरपत होतं, मीटर गप्प, दिवे गप्प, आणि हा लांब माल उतरवत असताना म्हणाला, इथे काहीतरी सुटलंय. साहेबाने त्याला उचलून थेट प्लँटवर ऑपरेटर केला. तिथली जुनी माणसं म्हणायची, मीटर बिघडतो, नाक बिघडत नाही. वास आला की आधी व्हॉल्व्ह बंद करायचा, मग ओरडायचं, असा तिथला रिवाज. पगार वाढला, मानही वाढला. मी गावच्या देवळात नारळ पाठवला.

मी स्वतः मुलुंडला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते. पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं येतात, ती खोक्यात भरायची. ऐकायला सोपं वाटतं, पण पट्टा कोणासाठी थांबत नाही. तिथे आणि नवऱ्याच्या प्लँटवर एक नियम अगदी सारखा होता. आपल्या जागेवर दुसरं माणूस येऊन उभं राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. या दुसऱ्या माणसाला रिलीव्हर म्हणतात. तो आला नाही तर तुमची आई मरो नाहीतर बाप, तुम्ही तिथेच.

मुलगी झाली, आमची बाय, आणि तोच नियम आम्ही घरात आणला. नवऱ्याची रात्रपाळी असली की तो सकाळी टेकडी चढून यायचा आणि मी बायला कडेवर घेऊन उतरायचे. रेशनच्या दुकानासमोर गाठ पडायची. बाय माझ्या कडेवरून त्याच्या कडेवर. दूध झालं, नाचणीचं सत्त्व पातेल्यात आहे, शी झालेली नाही. एवढंच आमचं बोलणं. तो घरी जाऊन तिला खेळवत, झोपवत, स्वतः तिच्या बाजूला आडवा व्हायचा, आणि संध्याकाळी मी आले की त्याची तयारी सुरू. त्याची दुसरी पाळी असली की चाळीच्या टोकाला राहणाऱ्या काकी मधले दोन तास सांभाळायच्या. कामावरच्या बायका हेवा करायच्या, तुझा नवरा पोर सांभाळतो म्हणून. मीही मिरवायचे. झकास चाललंय म्हणायचे.

त्याच सुमारास आमचा गॅसचा नंबर लागला. किती वर्षं वाट बघितली होती. चाळीत तिसऱ्याच घरी गॅस आला, तो आमच्याकडे. काकी शेगडीला हळदकुंकू लावून गेल्या. स्टो कसा, फरफरतो, भपकारे सोडतो, आपण आहोत हे सांगत असतो. गॅस मुका. त्याचं असणं-नसणं फक्त वासावर. पण आपल्या घरात तर सगळ्या टेकडीवरचं तिखट नाक, म्हणून मी निर्धास्त होते.

बाय तेव्हा दोन वर्षांची, बोलायला नुकती लागलेली. बापलेकीचा एक खेळ सुरू झाला. तो दुधाचं पातेलं तिच्या नाकाशी धरायचा आणि विचारायचा, “बाय, वास येतोय काय गं?” ती नाक वर करून हुंगायची. चांगला असला तर “छान” म्हणायची, नसला तर नाकावर तळवा दाबून “घाण वाश” म्हणायची. माझ्या हातातल्या डब्यापासून ते बाहेरच्या गटारापर्यंत सगळ्याचा वास तिला विचारला जायचा. शेगडी पेटवायच्या आधी तो तिला सिलेंडरजवळ उभी करायचा, तिने ‘नाही’ म्हणून मान हलवली की काडी ओढायचा. आम्ही हसायचो. बापाचं नाक घेतलंय पोरीनं, असं चाळभर सांगत सुटले होते मी.

मग एकेक गोष्ट होत गेली. एकदा डाळ उतरली होती, झाकण काढताच मळमळलं मला, आणि हा आधीच ताटात घेऊन अर्धी जेवलेला. मी ओरडले तर म्हणाला, भूक लागली होती गो, कोण बघतंय. एकदा दूध करपून घर भरलं, हा समोर बसून दाढी करतोय. आणि मग एका रविवारी त्याने आणलेले बांगडे सगळ्या चाळीने टाकून दिले. काकी दारात आल्या, हातातली पिशवी लांब धरून. “तुझ्या घोवाचा नाक खंय गेला गो?” म्हणाल्या. मी कोळणीला शिव्या घातल्या, बर्फातला माल खपवते म्हणून.  पुढच्या रविवारी नवरा पाठ दुखते म्हणून बाजारालाच गेला नाही, आणि त्याच्या पुढच्याही.

मला कळायला हवं होतं, असं आता वाटतं. पण कळायला माणसं एका जागी बसावी लागतात. आमची गाठ रेशनच्या दुकानासमोर, तीसुद्धा चालता चालता. त्याचं अंग कंपनीच्या वासाने भरलेलं असायचं, धुतलेल्या शर्टालाही तो राहायचा, मला आता त्याची सवय झाली होती. मला वाटायचं, दमतो बिचारा, रात्रीची झोप नाही, लक्ष कुठून राहणार.

एके दिवशी दुपारी पट्ट्यावर माझ्या बाजूला उभी असलेली बाई सारखी शिंकरत होती. म्हणाली, नाक इतकं चोंदलंय की डबा खाल्ला, पण काय खाल्लं ते कळलं नाही, नुसतं आंबट-तिखट. मी हसले. आणि हसता हसता माझे हात थांबले. डाळ. दूध. बांगडे. बाजाराला न जाणं. शेगडी पेटवायच्या आधी पोरीला हुंगायला लावणं. अरे देवा, म्हटलं, हा खेळ नव्हताच. याला स्वतःला काही येत नाही म्हणून तो तिला विचारतोय.

आणि बायला आदल्या दिवसापासून सर्दी होती. सकाळी मी स्वतः तिचं नाक पुसून तिला त्याच्या कडेवर दिलं होतं. रात्रपाळी करून आलेला माणूस, दार लावून झोपणार, उठून दूध तापवणार. आमच्या त्या बंद खोलीत त्या दिवशी एकही नाक नव्हतं.

माझी पाचावर धारण बसली. पाकिटं पुढे साचायला लागली, पलीकडच्या बाया बोंबलायला लागल्या. सुपरवायझर बाई आल्या. त्यांना मी म्हटलं, घरी जायचंय, मुलगी आजारी आहे. काय झालं विचारलं तर तोंडातून निघालं, सर्दी. सर्दीसाठी कोणी पट्टा सोडतं का, त्या म्हणाल्या, आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. खरं सांगावं तर ते तिथे सांगण्यासारखं नव्हतं. औषधांच्या कंपनीतल्या निम्म्या बायांचे नवरे या ना त्या कारखान्यात. ऑपरेटरचं नाक गेलंय ही गोष्ट संध्याकाळपर्यंत त्याच्या गेटवर पोचली असती. रिलीव्हर येऊ दे, मग जा, असं त्यांनी सांगितलं. मी एप्रन काढून पट्ट्यावरच टाकला आणि निघाले. मागून त्या मेमोचं काहीतरी म्हणत होत्या.

रिक्षा करून टेकडीच्या पायथ्याशी आले आणि चढ धावत चढले. वरून धूर येतोय का बघत होते. काकी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, माझा अवतार बघून उठल्याच. मी दार ढकललं. दार नुसतं लोटलेलं. आत नवरा मांडी घालून बसला होता आणि पोरीला मऊ भात भरवत होता. मला बघून बाय टाळ्या पिटायला लागली.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि रडले. मग उठले आणि जे काही बोलले ते मागोमाग आलेल्या काकींनी दारातून सगळं ऐकलं. मी आधीच तोंडाळ, त्यात ती धाव. त्याने हातातला घास खाली ठेवला. आधी माझ्यावरच डाफरला, पगार कापतील, डोकं फिरलंय का तुझं. मी कपाटातून अत्तराची बाटली काढली, लग्नातली, बूच उघडून त्याच्या नाकाशी धरली आणि डोळे मिटायला लावले. कसला वास आहे ते सांगा म्हटलं. तो कितीतरी वेळ श्वास घेत राहिला. मग म्हणाला, “रॉकेल?” आणि माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं.

वर्ष झालं असेल, तो म्हणाला. आधी कमी कमी येत गेला, मग गेलाच. कंपनीत सांगितलं तर ऑपरेटरकी काढून घेतील, गेटवर स्टूल देऊन बसवतील, नाहीतर घरी. मला त्याचा राग येत होता आणि कीवही. ज्याच्या नाकावर आम्ही इथवर आलो ते त्या कंपनीनेच खाल्लं होतं आणि हा ते कंपनीपासून लपवत होता. मी विचारलं, आणि प्लँटवर? तिथे काही सुटलं तर? तुम्हाला कसं कळणार?

“बाकीचे तिघं आहेत ना गो,” तो म्हणाला. “त्यांना येतो की वास.”

 खरं होतं ते. पाळीला चौघं असतात, एकाचं नाक गेलं म्हणून काय. घरापुरतं आम्ही ठरवलं. मी घरात नसेन तेव्हा शेगडी पेटवायची नाही, रेग्युलेटर मी बंद करून जाणार, दूध काकींकडे तापवून घ्यायचं. मला मेमो मिळाला, तो मी घडी करून कपाटात टाकला. सुपरवायझर बाई महिनाभर माझ्याशी सरळ बोलल्या नाहीत. बायची सर्दी गेली. मी स्वतःला सांगत राहिले की निभावलं. तरी कामावर उभी असताना मान आपोआप भांडुपच्या दिशेला वळायची. तिथे तर भिंत होती.

बायचा तिसरा वाढदिवस रविवारी आला. मे महिना. माझी सुट्टी, नवऱ्याची दुसरी पाळी. म्हणून त्याने त्याच्या पाळीच्या तिघांना दुपारच्या जेवणाला बोलावलं, इथूनच चौघं मिळून कामाला जाणार होते. मी पहाटे उठून कोंबडी-वड्यांचा घाट घातला. तिघांना मी पहिल्यांदाच नीट बघत होते. एक वडीलधारे, पिकल्या मिशांचे, पाळीचे मुख्य. दुसरा उंच, सारखी बिडी ओढणारा आणि सारखा गंमत करणारा. तिसरा अबोल, घाम पुसत बसलेला. बायला त्यांनी बाहुली आणली होती. चांगली माणसं. जेवली भरपूर, वहिनी वहिनी करत.

जेवणं झाली तसं मी काकींचं ताट वाढलं. त्यांच्याकडे द्यायचं आणि बायला त्यांच्या पाया पडायला लावायचं म्हणून आम्ही मायलेकी चाळीच्या त्या टोकाला गेलो. चहाचं मी आल्यावर बघते म्हटलं, तर नवरा म्हणाला, जा गो तू, चहा मी टाकतो. मला क्षणभर वाटलं नको म्हणावं. पण घरात चार माणसं होती, त्यातली तीन तर धड नाकाची. पत्रा तापलेला, बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून त्यांनी दार लोटून टेबलफॅन लावला होता आणि पत्ते मांडले होते.

काकींनी बायला मांडीवर घेतली, दृष्ट काढली, गावच्या गोष्टी काढल्या. थोडा उशीरच झाला. परत येताना बाय माझं बोट धरून पुढे पुढे उड्या मारत होती. आमच्या दाराच्या दोन घरं अलीकडे ती थांबली. नाकावर तळवा दाबला.

“आई, घाण वाश.”

मग मलाही आला. तिला तिथेच ओट्यावर टाकून मी धावले आणि दार ढकललं. आत तो वास इतका दाट होता की घसा धरला. खोलीच्या या बाजूला चौघं गोल करून पत्ते खेळत होते. फॅनचा वारा थेट शेगडीवर, खालची ज्योत विझलेली, चहाचं आधण गार, आणि बटण तसंच पूर्ण सोडलेलं. उंच माणसाच्या ओठात बिडी होती. हातात काडेपेटी, काडी बाहेर काढलेली, आणि डोळे हातातल्या पानांवर. कोणती उतारी करावी याचा विचार करत होता म्हणून ती काडी अजून पेटीवर ओढली नव्हती.

“काडी ओढू नका,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. त्याने मात्र ऐकलं.

मी बटण बंद केलं, रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली, ठिणगी पडेल म्हणून फॅनला हात लावला नाही. सगळ्यांना बाहेर काढलं. उन्हात ओट्यावर चौघं उभे राहिले, कोणाच्या हातात अजून पत्ते. बाय माझ्या पदरात नाक खुपसून होती. पलीकडच्या घरातली माणसं बाहेर येऊन विचारायला लागली, गॅसचा वास कुठून येतोय. लांबच्या घरात येत होता तो. या चौघांना शेगडीपासून हाताच्या अंतरावर आला नव्हता.

आधी कोणी कोणाकडे बघेना. मग मिशीवाल्यांनी माझ्या नवऱ्याला हळूच विचारलं, त्याला येत नव्हता का. नवऱ्याने ‘नाही’ म्हणून मान हलवली. त्यांनी उंच माणसाकडे बघितलं, त्याने बिडी ओठातून काढून खिशात ठेवली. अबोल माणूस खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“मला वाटायचं, तुम्हा तिघांना येत असेल,” मिशीवाले म्हणाले.

 खोलीतल्या गॅसची भीती केव्हाच मागे पडली होती. डोळ्यासमोर त्यांचा प्लँट आला, जो मी कधी बघितला नव्हता. तिथे रोज पाळीला हे चौघं जाऊन उभे राहत होते आणि प्रत्येकजण बाकीच्या तिघांच्या भरवशावर. कंपनीच्या भिंतीला लागून झोपड्या होत्या, पलीकडे शाळा होती, चाळी होत्या, आणि वारा फिरला की तो आमच्या टेकडीवर यायचा.

मी म्हटलं, आज कोणी जायचं नाही. गेलात तर गेटवर सांगायचं, चौघांनी मिळून, आत्ताच्या आत्ता. नवरा म्हणाला, आधी ऐकून घे. मिशीवाल्यांनी मला समजावलं, लहान मुलीला समजावतात तसं. चौघांना काढलं तर तिथे नवीन माणसं घालणार. त्यांना कुठला व्हॉल्व्ह कुठला तेही माहीत नाही, निदान आम्हाला डोळे मिटून माहीत आहे. आणि त्यांचं नाक तरी किती टिकणार, वहिनी? आमची मुलं शिकतायत. बोलून बघू युनियनशी, पण आज नको, आज रविवार. त्यांच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून तर मला ओरडावंसं वाटत होतं. दुसऱ्या पाळीची वेळ होत आली होती. पहिल्या पाळीची माणसं तिथे जागा न सोडता उभी असणार, रिलीव्हर यायची वाट बघत.

आत जाऊन त्यांनी आपापल्या पिशव्या घेतल्या. मी अडवलं नाही. अडवून काय करणार होते? मीही उद्या सकाळी पट्ट्यावर उभी राहणारच होते, एक मेमो आधीच घरात होता. सगळे गप्प होते ते त्या उंच माणसाला सोसलं नाही बहुतेक. चपला घालता घालता त्याने बायच्या डोक्यावर टपली मारली.

“आता हिलाच न्यायला हवी प्लँटवर,” तो म्हणाला. “काय बाय, येणार काय कामाला?”

सगळे हसले. अबोल माणूससुद्धा हसला. माझा नवराही हसला, कितीतरी महिन्यांनी. बाय सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला हसणं कळलं नाही, विचारलेलं मात्र कळलं. ती आत पळाली, वाढदिवसाच्या नव्या चपला घेऊन आली, खाली बसून उलट्या पायांत घातल्या आणि बापाचं बोट धरून उभी राहिली.

हसणं बंद झालं. तिघं उतारावरून चालायला लागले. नवरा तसाच उभा राहिला. तिची मूठ त्याच्या बोटाभोवती घट्ट होती आणि त्याच्याने ती सोडवेना. खालून कोणीतरी त्याला हाक मारली, उशीर होतोय म्हणून. शेवटी ते बोट मीच सोडवलं.